बोलता झाल्याशिवाय उपचार संपत नाही

आज १६ एप्रिल, जागतिक आवाज दिन. ब्राझीलमधील डॉक्टरांनी १९९९ साली आपल्या देशापुरता सुरू केलेला हा दिवस काही वर्षांतच जगभर पाळला जाऊ लागला. गायक, शिक्षक, निवेदक यांनी आवाजाची निगा कशी राखावी, हा या दिवसाचा नेहमीचा विषय. आम्हाला आज वेगळ्या माणसांबद्दल लिहायचे आहे. घशाच्या कर्करोगात ज्यांचे स्वरयंत्र काढावे लागले, ज्यांचा जीव वाचला, पण त्यानंतर घरातल्यांनीही ज्यांच्याशी बोलणे हळूहळू कमी केले, अशी माणसे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच गावशिवारात राहतात. त्यांच्याविषयी एकच वाक्य वारंवार कानावर येते : ‘जीव वाचला, हेच पुष्कळ.’ हे वाक्य मायेपोटी येते, हे खरे. तरीही ते अर्धवट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. माणूस पुन्हा बोलता होईपर्यंत कर्करोगाचा उपचार पुरा झाला असे मानता कामा नये.

जालना जिल्ह्यात आवाज ही चैनीची गोष्ट नाही. चैत्र-वैशाखाचे हे दिवस जत्रांचे, सप्ताहांचे आणि लग्नसराईचे. समर्थ रामदासांच्या जन्मगावी, घनसावंगी तालुक्यातल्या जांब येथे रामनवमीला गर्दी लोटते. गावोगावच्या पारायणांत वाचक, विणेकरी, टाळकरी आपापला गळा घेऊन उभे असतात. जालन्याच्या मोंढ्यात किंवा भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात सौदा तोंडानेच ठरतो. शेतात बैलाला हाक, बांधापलीकडच्या शेजाऱ्याला आरोळी, अंगणातल्या लेकरांना दटावणी, ही सगळी कामे गळ्याची आहेत. जिथे व्यवहार, भक्ती आणि नातीगोती बोलण्यावरच चालतात, तिथे आवाज गेलेला माणूस फार लवकर बाजूला पडतो. त्याला कुणी मुद्दाम दूर सारत नाही. त्याच्यावाचून बोलणे चालू राहते, एवढेच.

या शस्त्रक्रियेत नेमके काय होते, ते आधी समजून घेऊ. स्वरयंत्राची कामे तीन : श्वासाला वाट देणे, गिळताना अन्न श्वासनलिकेत जाऊ न देणे आणि आवाज काढणे. कर्करोग फार पसरला असेल, तर संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकावे लागते. या शस्त्रक्रियेला लॅरिन्जेक्टमी म्हणतात. तीत श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या पुढच्या भागात कायमचे उघडले जाते. त्यापुढे माणूस नाकातोंडाने नव्हे, गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेतो. फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून आवाज जातो. पण जीभ, ओठ, टाळू, दात सहसा शाबूत असतात, आणि बोलण्याची बुद्धी तर पूर्वीइतकीच तल्लख असते. पेटीचा भाता धड आहे, पट्ट्याही धड आहेत, फक्त रीड गेली आहे, अशी ही अवस्था. कंप पावणारी दुसरी जागा मिळवून दिली की शब्द पुन्हा उमटू शकतात. आवाज परत मिळवण्याच्या सगळ्या पद्धती याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

या शस्त्रक्रियेच्या जन्मापासूनच आवाजाची काळजी तिच्यासोबत आहे. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या शल्यचिकित्सकाने ३१ डिसेंबर १८७३ रोजी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढले. त्याच रुग्णासाठी त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले आणि तो रुग्ण त्यातून बोलला. पुढे काही महिन्यांतच आजार उलटला आणि तो दगावला. पण दीडशे वर्षांपूर्वी, भूल देण्याचे शास्त्र बाल्यावस्थेत असताना आणि प्रतिजैविके नसताना, त्या डॉक्टरांना रुग्णाचे बोलणे हा आपल्याच कामाचा भाग वाटला. आज आपण त्याला ‘नंतर बघू’ म्हणतो, हे शोभणारे नाही.

आवाज वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच रोग लवकर ओळखणे हा आहे. स्वरतंतूंवरचा कर्करोग त्या मानाने प्रामाणिक असतो. अगदी लहान असतानाच तो आवाज घोगरा करून आपली खबर देतो. पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक रुग्णांचा रोग किरणोपचाराने किंवा लेसरने बरा होतो आणि स्वरयंत्रही जागेवर राहते. अडचण अशी की ‘घसा बसलाय’ म्हणून आपण हळद-मीठ, ज्येष्ठमध, मेडिकलमधली गोळी यांत महिने घालवतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ आवाज बसलेला असेल, गिळताना टोचत असेल, मानेत गाठ हाताला लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावे. माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल तर एक दिवसही दवडू नये. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे आणि सोबत दारू असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यांतले बहुतेक चघळणारे, मळणारे, मिशेरी लावणारे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती टपरीपर्यंत किती पोहोचली, हे प्रत्येक गाव जाणते.

रोग पुढे गेलेला असेल तर खरी कसोटी लागते. ‘चाकू लावला की रोग पसरतो’ ही समजूत अजून गेलेली नाही, आणि तिच्या जोडीला ‘मुका होऊन जगण्यापेक्षा नको’ ही भीती असते. ती खेडवळ किंवा अडाणी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अग्निशमन दलाचे जवान आणि कंपन्यांचे अधिकारी अशा ३७ निरोगी व्यक्तींना विचारले गेले : आवाज राखण्यासाठी आयुष्याची काही शक्यता सोडाल का? सुमारे वीस टक्क्यांनी होकार दिला. शिकलेल्या, सुस्थितीतल्या माणसांनाही आवाज इतका मोलाचा वाटतो. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, पुढच्या टप्प्यातल्या ३३२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आधी केमोथेरपी आणि मग किरणोपचार, तर निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दिले होते. दोन वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचे प्रमाण सारखेच होते, आणि पहिल्या गटातल्या जवळजवळ दोनतृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र वाचले होते. तेव्हापासून ‘अवयव राखून उपचार’ हा कर्करोग-चिकित्सेचा मान्य मार्ग झाला.

तो सगळ्यांसाठी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. रोगाने स्वरयंत्राची कूर्चा पोखरली असेल, श्वास आणि गिळणे आधीच बिघडले असेल, तर शस्त्रक्रियाच हिताची ठरते. अशा वेळी स्वरयंत्र वाचवण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. म्हणून प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आधी, त्याच्या भाषेत, घरच्यांच्या समोर तीन गोष्टी कळायला हव्यात : स्वरयंत्र राखता येईल का, नसेल तर का नाही, आणि ते काढल्यावर तो पुन्हा कसा बोलेल. स्वरयंत्र काढूनही पूर्वीप्रमाणे घर चालवणारा, बोलणारा एखादा जुना रुग्ण त्याच वेळी भेटला, तर त्या भेटीने जे होते ते दहा पत्रकांनी होत नाही. शक्य तिथे शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा स्वतःचा आवाज मोबाइलवर भरपूर रेकॉर्ड करून ठेवावा. पाठ असलेला हरिपाठ, जात्यावरच्या ओव्या, नातवंडांची नावे, नेहमीच्या हाका. अशा रेकॉर्डिंगवरून त्या माणसासारखा आवाज संगणकावर घडवता येण्याइतके तंत्र आज पुढे गेले आहे. ते आपल्या दारी यायला वेळ लागेल, पण आवाज आधी साठवला असेल तरच त्याचा उपयोग.

पुन्हा बोलण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, अन्ननलिकेतून बोलणे. हवा अन्ननलिकेत ओढून ती हळूहळू बाहेर सोडताना तिथल्या स्नायूंना कंप द्यायचा. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही; पण शिकायला महिने लागतात आणि सगळ्यांना ते जमत नाही. दुसरा, इलेक्ट्रोलॅरिन्क्स. टॉर्चएवढे, बॅटरीवर चालणारे हे यंत्र हनुवटीखाली टेकवले की कंप तोंडात पोहोचतो आणि जीभ-ओठ त्याचे शब्द करतात. लवकर शिकता येते, पण आवाज यंत्रासारखा सपाट येतो. तिसरा मार्ग म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये लहानसे छिद्र करून बसवलेली सिलिकॉनची झडप. अमेरिकेतील मार्क सिंगर आणि एरिक ब्लोम यांनी ही पद्धत १९८० साली मांडली. गळ्यावरचे छिद्र अंगठ्याने झाकून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि आवाज उमटतो. झडप एकाच दिशेने उघडत असल्याने अन्नपाणी श्वासनलिकेत उतरत नाही. तिन्हींत हा आवाज सर्वांत स्वाभाविक आणि ओघवता मानला जातो.

पण ही झडप कायमची नसते. तिच्यावर बुरशी वाढते, ती गळू लागते, पाणी पिताना ठसका येतो आणि काही महिन्यांनी ती बदलावी लागते. रोज तिला ब्रशने साफ करावे लागते. बुरशी रोखण्यासाठी ताक आणि दह्याचा उपयोग होतो का, यावर नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात संशोधनही झाले आहे. परदेशी बनावटीच्या झडपेची किंमत हजारो रुपयांत जाते. कोरडवाहू शेतकऱ्याने किंवा स्टीलच्या कारखान्यातल्या मजुराने दर काही महिन्यांनी हा खर्च करायचा, म्हणजे कधीतरी गप्प बसणे पत्करायचे. बंगळुरूचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी हाच प्रश्न समोर ठेवून ‘ओम्’ नावाची झडप विकसित केली आणि तिची किंमत पन्नास रुपयांच्या आसपास ठेवली. आवाजाची किंमत कमी करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. मग प्रश्न उरतो तो पोहोचवण्याच्या इच्छेचा.

झडप बसली म्हणजे माणूस बोलला असेही होत नाही. त्याला बोलायला शिकवावे लागते आणि ते त्याच्याच मराठीत शिकवावे लागते. स्वरतंतू नसले की क आणि ग, त आणि द, प आणि ब यांतला फरक पुसट होतो. ‘तार’ म्हटले की ‘दार’ ऐकू येते, ‘काय’ म्हटले की ‘गाय’. ह हा वर्ण तर श्वासाच्या बळावरच उमटतो, त्यामुळे तो सर्वांत अवघड. कोणते वर्ण कसे दाबून, कुठे थांबून उच्चारायचे, हे प्रशिक्षित वाचा-उपचार तज्ज्ञच शिकवू शकतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून असे तज्ज्ञ घडवते आहे. पण मंठा किंवा जाफराबादच्या रुग्णाला आठवड्याला मुंबई गाठणे शक्य नाही. ‘पाटीवर लिहून दाखवा’ हा सल्ला ज्याला लिहिता येत नाही त्याच्या काय कामाचा? आणि बाईचा आवाज या सगळ्या पद्धतींत जाड, पुरुषी येतो. लोक हसतील म्हणून ती घरातही तोंड उघडत नाही. तिला तर अधिकच धीर आणि अधिकच शिकवणी हवी.

गळ्यावरच्या छिद्रासह जगणे म्हणजे काय, हे शहरातल्या पत्रकात येत नाही. असा माणूस चूल फुंकू शकत नाही, गरम चहावर फुंकर घालू शकत नाही. हवा नाकातून जात नसल्याने वास जवळजवळ येत नाही. फोडणी करपल्याचे कळत नाही, गॅस गळल्याचेही नाही. ओझे उचलताना आपण श्वास कोंडून जोर लावतो, तो जोर त्याला लावता येत नाही. विहिरीत पोहणे तर प्राणघातक. नाक हवेला ओलावा देते, धूळ गाळते; ते काम बंद पडल्याने आपल्याकडच्या उन्हाळ्यात छिद्रात कफ वाळून खपल्या धरतात. जिनिंगमधला कापसाचा फुफाटा, रोलिंग मिलची धूळ, फवारणीचे औषध थेट फुप्फुसात जाते. छिद्रावर ओलसर सुती कापडाचा पडदा किंवा फिल्टर असणे म्हणूनच गरजेचे. आणखी एक गोष्ट प्रत्येक आरोग्य केंद्राने आणि १०८ च्या रुग्णवाहिकेने लक्षात ठेवायला हवी : अशा रुग्णाचा श्वास अडला तर प्राणवायूचा मास्क नाकातोंडावर लावून उपयोग नाही, तो गळ्यावरच्या छिद्रावर लावावा लागतो.

कायदा या माणसांच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. त्यांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येतच लॅरिन्जेक्टमीचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे स्वरयंत्र काढलेल्या माणसाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मागण्याचा हक्क आहे. रुग्णालयातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात औषधांच्या चिठ्ठीबरोबर या अर्जाची माहितीही असायला हवी.

आता जालन्याचे कर्तव्य. गंभीर रुग्णाला ‘टाटाला न्या’ असे सांगितले जाते आणि घरचे देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठतात. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून देशाची सेवा करते आहे, पण साऱ्या देशाचा भार तिथे आहे. २०१२ मध्ये छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि जवळजवळ साठ किलोमीटरवर मराठवाड्याला मोठा आधार मिळाला. शस्त्रक्रिया तिथे किंवा मुंबईत होवो. आवाज परत मिळवण्याचे काम मात्र पुढे वर्षानुवर्षे चालते आणि ते घराजवळच व्हावे लागते. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे कान-नाक-घसा विभागाच्या जोडीने आवाज पुनर्वसनाचा कक्ष उभा राहावा. एक वाचा-उपचार तज्ज्ञ, झडप बदलण्याची सोय, उसने देता येतील असे काही इलेक्ट्रोलॅरिन्क्स आणि महिन्यातून एकदा जुन्या-नव्या रुग्णांची एकत्र बैठक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. जनआरोग्य योजनेतही शस्त्रक्रिया, झडप, ती वेळोवेळी बदलणे आणि बोलण्याचे प्रशिक्षण हे सारे मिळून एकच उपचार मानला जावा.

हे स्वप्नरंजन आहे असे कुणी म्हणू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच जालन्यात बियाण्यांचा उद्योग उभारला आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच घराण्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्री गणपती नेत्रालयाने डोळ्यांच्या शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात आणल्या. आज परजिल्ह्यातले लोक दृष्टीसाठी जालन्याला येतात. जे डोळ्यांसाठी जमले ते आवाजासाठी जमणार नाही, असे मानायला कारण नाही. स्टील, बियाणे आणि मोसंबीच्या व्यापारावर उभ्या असलेल्या या शहरातल्या उद्योजकांनी आपल्या सामाजिक निधीतला थोडा भाग इकडे वळवला, तर जिल्ह्यातला कुणीही केवळ झडपेच्या पैशांअभावी गप्प राहणार नाही.

शेवटची जबाबदारी ऐकणाऱ्यांची, म्हणजे आपली. २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवार यांच्यावर तोंडाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यांचा रोग स्वरयंत्राचा नव्हता. पण उच्चार बदलले, चेहरा बदलला. तंबाखूच्या सवयीची खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे. तरीही ते बोलत राहिले, आणि १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात भर पावसात केलेले त्यांचे भाषण साऱ्या महाराष्ट्राने कान देऊन ऐकले. त्यांच्या राजकारणाशी कुणी सहमत असो वा नसो, बदललेल्या आवाजाची या राज्याला सवय झाली, हे खरे. आणि याच राज्याने आपल्या साध्या, मनाला भिडणाऱ्या वक्तृत्वाने ओळखले जाणारे आर. आर. पाटील यांना फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्याच कर्करोगाने गमावले. नेत्याच्या बदललेल्या आवाजाची जी सवय आपण लावून घेतली, तीच घरातल्या बापाच्या, चुलत्याच्या, सासूच्या आवाजाची लावून घ्यायला काय हरकत आहे? समोर बसावे, ओठांकडे पाहावे, टीव्ही बंद करावा, वाक्य पुरे होऊ द्यावे, शब्द त्यांच्या तोंडून काढून घेऊ नये. लहान मुले यंत्राच्या आवाजाला बिचकतात ती दोन दिवस; तिसऱ्या दिवशी त्यांना तो आजोबांचा आवाज वाटू लागतो.

म्हणून आजच्या दिवशी आमची मागणी मोजकी आहे. जिल्हा प्रशासनाने स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांची गावनिहाय नोंद करावी आणि त्यांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घरपोच मिळेल अशी व्यवस्था करावी. वैद्यकीय महाविद्यालयाने पुढच्या आवाज दिनापर्यंत पुनर्वसन कक्ष सुरू करावा. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी आवाजाचा विषय काढावा. आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी उद्याच्या मोंढ्याच्या व्यवहारात, लग्नाच्या बोलणीत, शेताच्या वाटणीत त्याचे मत विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. उपचारावर लाखो रुपये खर्चून वाचवलेल्या माणसाला घरात, बाजारात आणि गावात बोलण्याची जागा मिळाली, तरच तो पुरता वाचला असे म्हणता येईल.